निदान बटणाला नाव तरी द्या

एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, पूर्णपणे मोफत आहे, हे सांगितलं तर अजूनही अनेकांना खरं वाटत नाही. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने तो लिहायला घेतला. लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात भेटलेला जेम्स टेह नंतर त्याच्या जोडीला आला. तोही अंधच. त्याआधी विंडोजवर जॉजसारखे भरवशाचे स्क्रीन रीडर होते, पण ते विकत घेणं किती जणांना परवडणार? डोळस माणसाला स्क्रीन बघायचे वेगळे पैसे पडत नाहीत, मग आम्ही अंधांनीच का मोजायचे? या दोघांबद्दल माझ्या मनात फार कृतज्ञता आहे.

राग आहे तो वेबसाइट आणि ॲप बनवणाऱ्यांवर.

आम्ही पान वरपासून खालपर्यंत ऐकत बसत नाही. एच दाबलं की पुढचं शीर्षक, के दाबलं की लिंक, बी दाबलं की बटण, टी दाबलं की तक्ता. आवाजाचा वेग इतका ठेवलेला असतो की शेजारच्याला एक शब्द कळत नाही. (एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीकचा तो यांत्रिक आवाज अनेकांना कर्कश वाटतो, पण त्या वेगातही तो स्पष्ट कळतो, म्हणून मला तोच आवडतो.) मात्र स्क्रीन रीडर चित्र बघत नाही, कोडमध्ये जे लिहिलंय तेच सांगतो. नुसती अक्षरं मोठी आणि ठळक केली, कोडमध्ये 'हे शीर्षक आहे' अशी खूण म्हणजे टॅगच दिला नाही, तर एच दाबून काहीच सापडत नाही. आयकॉनला नाव दिलं नाही, तर ऐकू येतं: "बटण. बटण. बटण." यातलं पाठवायचं कुठलं आणि डिलीट करायचं कुठलं?

हे नियम काही काल आलेले नाहीत. अपंगांनाही वेबसाइट वापरता याव्यात म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी या नियमावलीची पहिली आवृत्ती १९९९ची आहे. बटणाला नाव द्यायला कोडची एक ओळसुद्धा लागत नाही, बटणाच्या कोडमध्ये जोडलेलं एक ॲट्रिब्यूट पुरतं.

आता लोक म्हणतात, एआय ओळखेल की! फोटोत कोण हसतंय ते त्याने अंदाजाने सांगितलं तर चालेल. पैसे भरायच्या बटणाच्या बाबतीत मला अंदाज नको आहे.

तुम्ही वेबसाइट बनवत असाल तर आजच एनव्हीडीए डाउनलोड करा. मॉनिटर बंद करा, माऊस बाजूला ठेवा आणि तुमचाच फॉर्म शेवटपर्यंत भरून बघा. जिथे अडाल ते आधी दुरुस्त करा, नवं डिझाइन त्यानंतर.