‘एक पॅथॉलॉजिस्ट’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टरसाहेब,

रक्ताच्या एका कर्करोगात बिघडलेलं जनुक किती उरलंय ते मोजणाऱ्या चाचणीवरच्या, ‘बीसीआर-एबीएल चाचणी दिसेल त्या लॅबमध्ये करू नका’ या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: “एनएबीएल [लॅबना मान्यता देणारी भारतीय संस्था] मान्यता असलेल्या सगळ्या लॅबचे रिपोर्ट सारखेच असतात. अर्धवट ज्ञानावर पेशंटना घाबरवू नका. नमुन्याला होणारा उशीर, दर हे विषय आमच्यावर सोडा.”

शीर्षक भडक होतं, मान्य. पण स्वतःचं नाव झाकून दुसऱ्याचं ज्ञान अर्धवट ठरवायचं, ही कुठली रीत? मी कुणाला घाबरवलेलं नाही. घाबरणं काय असतं ते आमच्या घराने पाहिलंय.

माझ्या भावाला सीएमएल, म्हणजे तोच रक्ताचा कर्करोग, आहे. गोळी चालू आहे आणि ठरावीक महिन्यांनी ही चाचणी. एकदा जवळची म्हणून लॅब बदलली, तर ०.०८ टक्क्याचा आकडा एकदम ०.४ झाला. गोळी लागू पडेनाशी झाली, असंच आम्ही धरून चाललो. वहिनी रात्रभर रडत होती. आमच्या डॉक्टरांनी औषध न बदलता जुन्याच लॅबमध्ये परत चाचणी करायला लावली. आला ०.०७. मधल्या त्या रिपोर्टवर ‘इंटरनॅशनल स्केल’ (सगळ्या लॅबचे आकडे एका मापात आणणारी पट्टी) हे शब्दच नव्हते. हे अर्धवट ज्ञान मी पुस्तकातून उचललेलं नाही.

आणि सारखेच कसे असतील? बिघडलेलं जनुक मोजताना कुणी एबीएल जनुकाशी तुलना करतं, कुणी जीयूएसबी या दुसऱ्या जनुकाशी. किट वेगळं, मशीन वेगळं. म्हणून तर प्रत्येक लॅबने आपला कन्व्हर्जन फॅक्टर, म्हणजे आकडा इंटरनॅशनल स्केलवर आणणारा गुणक, काढून आकड्याला लावायचा असतो. तो लावला तरच ०.१ टक्का म्हणजे ठरवून दिलेल्या मूळ पातळीपेक्षा हजारपट घट, या रेघेला अर्थ राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये या चाचणीसाठी संदर्भ नमुने मंजूर केले. सगळं सारखंच होतं तर एवढी खटपट कशाला केली? एनएबीएलचं म्हणाल तर मान्यतेबरोबर चाचण्यांची यादी असते. ही चाचणी त्या यादीत आहे का, हे पेशंटने विचारलं तर तुमचं काय बिघडतं?

उशिराबद्दल वाद घालत नाही. चाचणी ज्यावर होते तो रक्तातला आरएनए किती नाजूक असतो, किती लवकर खराब होतो ते तुम्हाला मी शिकवायला नको. दराचं तुमचं तुम्ही बघा.

परत लिहाल तेव्हा एवढंच सांगा: तुमच्या लॅबचा कन्व्हर्जन फॅक्टर किती आहे, आणि तो शेवटचा कधी तपासून घेतलात?