‘लिंक्ड लिस्ट कधीच वापरू नका’ म्हणणाऱ्यांनी मेकचा कोड उघडून बघावा

इंजिनिअरिंगच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय: लिंक्ड लिस्ट (जिथे प्रत्येक वस्तू पुढचीचा पत्ता धरून असते अशी साखळी) फक्त इंटरव्ह्यूपुरती, खऱ्या कोडमध्ये नेहमी ॲरेच (मेमरीत ओळीनं लागून ठेवलेल्या वस्तू). लिस्ट कॅशचं (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीचं) वाटोळं करते, पॉइंटरांत म्हणजे पत्ते साठवण्यात मेमरी घालवते, आणि ‘मधलं काढणं स्वस्त’ हेही खोटं, कारण आधी ते शोधावं लागतं. बेळगावच्या उद्यमबागेत आमच्याकडे नवीन लागलेल्या खानापूरच्या पोरानं मला तो वाचून दाखवला आणि वर विचारलं, “मग आपल्या बिल्डच्या कोडात एवढ्या लिस्ट कशाला ओ सर?” बिल्ड म्हणजे कोडच्या फाइलींपासून चालणारा प्रोग्राम तयार करणं; ते काम करणारं एक टूल म्हणजे मेक.

कॅशचं म्हणणं खरंच आहे. सी++ चे जनक ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी २०१२ च्या भाषणात आलेखच दाखवला होता: क्रमानं आकडे घालत आणि काढत गेलं तर व्हेक्टर (सी++ मधला वाढत जाणारा ॲरे) लिस्टला सहज मागे टाकतो. ६४ बाइटच्या एका कॅश लाइनमध्ये चार बाइटचे १६ आकडे एका दमात येतात. लिस्टचे नोड, म्हणजे साखळीतले दुवे, मेमरीभर विखुरलेले, म्हणून जवळजवळ प्रत्येक पावलाला मेमरीपर्यंत खेप. पण ते आकडे होते, आणि लाखांनी होते.

बिल्ड टूलमध्ये काय असतं? एका टार्गेटच्या (बनवायच्या फाइलच्या) डिपेंडन्सी, म्हणजे ती ज्यांच्यावर अवलंबून असते त्या फाइली, दहा, वीस, फार तर शंभरेक. त्यातल्या प्रत्येकीसाठी मेक कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) विचारतो, ही फाइल कधी बदलली? गरज पडली तर नवी प्रोसेस काढून कंपायलर चालवतो. मेमरीची एक खेप साधारण १०० नॅनोसेकंदांची धरा. सी++ ची एक फाइल कंपाइल व्हायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात अशा १ कोटी खेपा होतात. आणि इथे पोरं पन्नास खेपा वाचवायला निघालीत.

आता शोधण्याचं. जीएनयू मेक चालू असलेल्या कामांची एक एकेरी लिस्ट ठेवतो. एखादी प्रोसेस संपली की कर्नल तिचा नंबर सांगतो, मेक पहिल्यापासून लिस्ट चालत जातो, मागचा नोड हातात धरून. नंबर जुळला की मागच्याचा ‘नेक्स्ट’ पुढच्याला जोडला, झालं. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरची मधली ट्रॉली पिन काढून सोडवावी तसं, बाकीच्यांतला ऊस हलवावा लागत नाही. शोधावं लागलं का? लागलं. पण आठ कामं एकदम चालवली असतील तर ही लिस्ट आठच्या आसपासच राहते. लिनक्स कर्नलच्या दुहेरी लिस्टमध्ये तर वस्तू हातात असली की शोधणंच नाही. मागचा-पुढचा दोन्ही पत्ते तिच्या पोटातच असतात.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: वस्तूचा मेमरीतला पत्ता. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका छोट्या बिल्ड टूलमध्ये चालू कामांचा ॲरे केला होता, स्ट्रक्चरं (एकेका कामाच्या माहितीचे गठ्ठे) थेट त्यात ठेवलेली. लॉग लिहिणारा भाग त्यातल्या एका कामाचा पॉइंटर धरून बसायचा. नववं काम आलं, ॲरे भरला, रीअलॉकनं (मेमरी वाढवून देणाऱ्या फंक्शननं) सगळं बिऱ्हाड उचलून दुसरीकडे नेलं. टिळकवाडीचं घर सोडून वडगावला गेलात आणि पोस्टमन जुन्याच दारात पत्र टाकतोय, अशी गत. आठ कामांपर्यंत सगळं ठीक, म्हणून टेस्टमध्ये काही दिसलंच नाही. दोन दिवस गेले त्यात. लिस्टमध्ये नोड जिथे जन्मला तिथेच राहतो, म्हणून मी शेवटी लिस्टच घातली.

मेमरीचं थोडक्यात. मेकमध्ये ‘नेक्स्ट’ हा डिपेंडन्सीच्या स्ट्रक्चरमध्येच असतो, वेगळा नोड नाही. ६४-बिट मशीनवर त्याचे आठ बाइट. पत्ता हलू नये म्हणून पॉइंटरांचा ॲरे केलात तरी प्रत्येकामागे आठ बाइट जाणारच, वर प्रत्येक वस्तूसाठी उडी आहेच.

याचा अर्थ जिथे तिथे लिस्ट घाला असं नाही. फाइलचं नाव देऊन ती शोधायची असेल तर लिस्ट चालत बसणं वेडेपणा आहे. मेकसुद्धा तिथे हॅश टेबल (नावावरून थेट जागा काढणारा तक्ता) वापरतो. निंजा या दुसऱ्या बिल्ड टूलचा प्रश्न तर वेगळाच होता. तो गूगलच्या क्रोमसाठी लिहिला गेला. तिथे फाइली हजारोंनी, आणि काहीच बदललेलं नसताना ‘करायला काही नाही’ हे उत्तर झटकन यायला हवं होतं. म्हणून त्याच्या इनपुट-आउटपुटच्या याद्या व्हेक्टरमध्ये आहेत. मी पोराला तोही कोड उघडून दाखवला. त्या व्हेक्टरांत नोड नाहीत, नोडचे पॉइंटर आहेत. नोड तिथेही आपली जागा सोडत नाही.