हॅलोजनच्या वाटीत एलईडी बल्ब

गळीत हंगामात आष्ट्याहून सांगलीकडे रात्री गाडी चालवताना मला सर्वांत जास्त भीती वाटते ती समोरून येणाऱ्या पांढऱ्याशुभ्र दिव्यांची. गेल्या हंगामात अशाच एका झोताने माझे डोळे दिपले आणि ती गाडी निघून गेल्यावर जेमतेम वीस पावलांवर उसाने भरलेली ट्रॉली दिसली, जिला मागे ना लाल दिवा होता ना रेडियमची पट्टी. वेग कमी होता म्हणून मी वाचलो. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते, म्हणजे डोळे तीनच सेकंद दिपले तरी 50 मीटर रस्ता आपण न पाहताच कापलेला असतो.

ट्रॉलीवाल्याची चूक होतीच. पण ती ट्रॉली माझ्या स्वतःच्या दिव्यांत वेळेवर दिसली असती, जर समोरच्याने हॅलोजनच्या वाटीत, म्हणजे हॅलोजन बल्बसाठी घडवलेल्या दिव्याच्या चकचकीत परावर्तकात, झगझगीत एलईडी बल्ब बसवला नसता.

आपल्याकडच्या असंख्य गाड्यांत असणारा एच-4 हॅलोजन बल्ब फार विचारपूर्वक घडवलेला आहे. त्यात दोन तारा असतात, अप्परसाठी (दूरच्या झोतासाठी) 60 वॅटची आणि डिपरसाठी (खाली झुकलेल्या झोतासाठी) 55 वॅटची. डिपरच्या तारेखाली धातूची एक छोटी पन्हळ असते. जो प्रकाश वाटीच्या खालच्या भागावर आपटून समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता, तो ती अडवते. हीच पन्हळ एका बाजूला किंचित कललेली असल्यामुळे झोत डावीकडे थोडा वर चढतो, कडेने चालणारा माणूस लवकर दिसतो आणि उजवीकडून येणाऱ्याचे डोळे वाचतात. याच वाटीत एलईडी बसवला आणि त्याच्या चिपची जागा तारेच्या जागेपासून मिलिमीटरभर जरी हलली, तरी हा सगळा हिशेब कोलमडतो. चालकाला मात्र बोनेटपुढचा रस्ता लख्ख दिसतो, म्हणून दिवे सुधारले असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. वास्तविक जवळचा रस्ता फार उजळला की डोळ्याची बाहुली आकसते आणि दूरचे उलट कमीच दिसते.

वयानुसार डोळ्यातले भिंग गढूळ होत जाते व येणारा प्रकाश आतच विखुरतो, त्यामुळे साठीपुढच्या माणसाला हा त्रास कितीतरी अधिक होतो. माझ्या वडिलांनी दिवेलागणीनंतर गाडी काढणे त्यामुळेच सोडले.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये स्पष्ट लिहिले आहे की दिव्यापासून 8 मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झोताने दिपवता कामा नये. हे तपासायला एक भिंत आणि मोजपट्टी पुरते. तरीही खासगी गाडीची सक्तीची तपासणी होते ती थेट पंधरा वर्षांनी, नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी. धुराच्या तपासणीसाठी मात्र आपण सगळेच नियमितपणे पीयूसी केंद्रावर जातो. तिथेच दिव्यांचा झोतही तपासावा आणि तो चुकत असेल तर प्रमाणपत्र देऊ नये, अशी माझी परिवहन विभागाकडे आग्रहाची मागणी आहे.