हवा लहरी असेल तर भाज्यांच्या बागेचं नियोजन जास्त लागतं, कमी नाही

'हवामान आता इतकं बेभरवशाचं झालंय की परसबागेचं नियोजन करण्यात अर्थ नाही. बी टाका, ऊन वाढलं की पाणी वाढवा, रोप मलूल दिसलं की खत द्या, जगेल ते आपलं.' हा सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय. त्यावर विसंबून हंगाम गेला की नवखी माणसं बागच सोडून देतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहायला हवा.

'तारखा चुकतात, मग नियोजन कशाला?' तारखा चुकतात, हे खरंच आहे. पण बी उगवतं ते मातीची ऊब आणि ओल बघून. घेवड्याला माती साधारण 16 अंशांच्या वर लागते. गार, ओल्या मातीत त्याचं बी कुजतं. लेट्यूसचं उलटं: माती 30 अंशांच्या आसपास तापली की बहुतेक वाणांचं बी रुसून बसतं. म्हणून वहीत तारखेऐवजी मातीचं तापमान लिहा. सकाळी तापमापक पाच-सात सेंटिमीटर खोल खुपसायचा, तीन-चार दिवस आकडा टिकला की पेरायचं. तेही सगळं एकदम नको. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने टप्पे केले, तर एका गारपिटीत सगळी पेरणी जात नाही.

'ऊन वाढलं की पाणी वाढवा.' बरीच रोपं या सल्ल्याने मरतात. काकडी-भोपळ्याची पानं भर दुपारी लोंबतात आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतात. मुळाशी ओल असूनही असं होतं, कारण पानांतून पाणी उडतं त्या वेगाने मुळं ते ओढू शकत नाहीत. तेव्हा आधी बोट दोन पेरं मातीत घाला. आत ओल लागली तर पाणी देऊ नका. सतत चिखल राहिला की मुळांना हवा मिळत नाही, ती सडतात, रोप आणखी मलूल होतं आणि माणूस घाबरून आणखी पाणी ओततो. टोमॅटोला चार दिवस कोरडं ठेवून मग भरपूर पाणी दिलं तर फळं तडकतात. पाण्यात अशी चढउतार होत राहिली की फळापर्यंत कॅल्शियम नीट पोचत नाही आणि त्याचं बूड काळं पडतं. त्यापेक्षा वाळल्या पाल्याचं पाच ते आठ सेंटिमीटर जाड आच्छादन घाला, फक्त खोडाभोवती थोडी जागा मोकळी ठेवा.

आणि पाण्याने न सुटणारी गोष्ट वेगळीच आहे. दिवसा 35 अंशांच्या वर आणि रात्रीही 24 च्या वर पारा राहिला की टोमॅटोचे परागकण निकामी होऊ लागतात, फुलं गळतात. यावर एक चांगला उपाय: फुलोरा कडक उन्हाच्या आधी किंवा नंतर येईल अशी लागवड धरायची. नियोजन म्हणतात ते हेच.

खताचं थोडक्यात सांगते. ताण बसलेल्या रोपाला नत्र दिलं तर कोवळी, जास्त पाणी मागणारी पालवी फुटते. आधी रोप सावरू द्या.

'जगेल ते आपलं' म्हणताना जागेचा विचारच सुटतो. निरभ्र, शांत रात्री थंड हवा उताराने खाली सरकते आणि खोलगट भागात साचते. वरच्या वाफ्यातली मिरची वाचते, खालची करपते. कुठल्या कोपऱ्यात काय लावायचं हे म्हणूनच आधी ठरवावं लागतं. थोडं बी मागेही ठेवावं, कारण पहिली पेरणी गेली तर हंगाम हातात असतानाच दुसरी करता येते.