हेअर ड्रायरचा रसिक

माझ्या डोक्यावरचा शेवटचा केस गळून आता बारा वर्षं झाली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

फोनमध्ये गाण्यांचं अ‍ॅप आलं ते भाच्यामुळे. तो ऐरोलीला आयटीत आहे. रविवारी आमच्याकडे डोंबिवलीला मटण खायला येतो आणि त्याची परतफेड म्हणून घरातलं काहीतरी सुधारून जातो. एकदा त्यानं वायफाय सुधारलं, एकदा टीव्ही. त्या रविवारी माझी पाळी होती.

"मामा, सीड्या कसल्या पुसत बसता? हे घ्या. तुमची आवड ओळखून ते आपोआप गाणी लावतं. तुम्ही फक्त ऐकायचं."

तीस वर्षं संसार करून बायकोला माझी आवड ओळखता आली नाही, ती फोनला येणार म्हटल्यावर मी उत्सुकतेनं चष्मा लावला. अ‍ॅपनं पहिलाच प्रश्न टाकला: तुमचे आवडते निदान तीन कलाकार निवडा. खोलीत कोणी नव्हतं. बायको कुकरपाशी होती, भाचा हात धुवायला गेला होता. तरीही मी खोटं बोललो. कुमार गंधर्व, भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर. धडाधड टिकटिक करून मोकळा झालो. लग्नाच्या बायोडाटात 'आवडी: वाचन, शास्त्रीय संगीत' असं लिहिलं होतं ना, तोच हात. त्या बायोडाटामुळे मुलगी मिळाली, पण लग्नानंतर तिनं पहिल्या महिन्यात विचारलं होतं की ती पुस्तकं कुठायत. अ‍ॅपही तेच विचारणार आहे हे मला तेव्हा कुठं ठाऊक!

"पण ह्याला कळतं कसं?" मी भाच्याला विचारलं.

"दोन पद्धती असतात मामा. एक, गाण्याची पत्रिका मांडायची. अमेरिकेत पँडोरा म्हणून इंटरनेट रेडिओ आहे, त्या लोकांनी 2000 सालापासून तेच केलं. संगीत शिकलेली माणसं बसवली आणि एकेक गाणं ऐकून त्याचे गुण मांडले. लय कशी, आवाज कसा, गिटार कुठली. साडेचारशेपर्यंत गुण."

मी चाट पडलो. आमच्याकडे दोन जिवांचा जन्माचा संसार 36 गुणांवर ठरतो आणि 18 जुळले तरी बँडवाल्याला आगाऊ रक्कम जाते. इथे साडेतीन मिनिटांच्या गाण्याला साडेचारशे!

"आणि दुसरी पद्धत?"

"त्यात गाणं ऐकायचंच नाही. माणसं जुळवायची. 1994 साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात रिंगो नावाचं एक प्रकरण होतं. लोक ई-मेलनं कलाकारांना 1 ते 7 गुण द्यायचे. यंत्र बघायचं की तुमच्यासारखेच गुण आणखी कोण देतंय. मग त्याला जे आवडतं ते तुम्हाला कळवायचं. आताची अ‍ॅपं ह्याच वाटेनं पुढे गेलीत. तुम्ही गुण द्यायचीही गरज नाही. काय पूर्ण ऐकलंत, काय मधेच सोडलंत, एवढं बघतात."

म्हणजे शेजारच्याच्या पानात डोकावून आपल्या पानात वाढायचं. कुठल्याही पंगतीत होतं तेच. फरक इतकाच की हा शेजारी कोण ते आपल्याला दिसत नाही.

भाच्यानं सगळं सांगितलं, पण अ‍ॅपला एक गोष्ट सांगायची राहिली. ती अशी की आमच्या घरात ज्याची त्याची अशी वस्तू म्हणजे फक्त चष्मा आणि टूथब्रश. बाकी सगळं सामाईक. पैसे माझ्या कार्डातून जातात म्हणून खातं माझं, पण स्वयंपाकघरातला स्पीकर त्याच खात्याला जोडलेला. पहाटे सहाला बायको त्यावर स्तोत्रं लावते, आरत्या लावते. सातला चिरंजीव त्यावर हळदीची डीजे गाणी लावून बैठका मारतात; मित्रांची लग्नं संपत आली तरी ह्याची हळद उतरलेली नाही. आणि मार्चमध्ये मुलगी बाळंतपणाला आली.

नातू गोड आहे, पण झोपेच्या बाबतीत रात्रपाळीचा वॉचमन. आजीनं अंगाई म्हणून पाहिली, तो टकटक बघत राहिला. मी भूप आळवून पाहिला. त्यानं उत्तरादाखल असा काही तार षड्ज लावला की खालच्या मजल्यावरून तात्यांचा फोन आला. शेवटी एका रात्री मुलीनं माझा फोन उचलला, काहीतरी शोधलं आणि खोलीत सुरू झालं: घर्रर्रर्रर्र.

"हे काय?"

"बाबा, हळू बोला. हेअर ड्रायर आहे."

चक्क हेअर ड्रायर. त्याच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण असतं, पंख्याचं असतं, पावसाचं असतं. कोणीतरी खरंच माइकसमोर हेअर ड्रायर धरून बसला असणार, आणि त्या मैफलीला नातवानं दोन मिनिटांत मान टाकली. मग ते रोजचंच झालं. तीन महिने, रोज दोन तास. आम्ही त्या घरघरीत हळू पावलांनी चालायला, खुणांनी बोलायला आणि न खोकता पोहे खायला शिकलो.

ह्या सगळ्याचं अ‍ॅप काय करत असेल, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. त्याच्या लेखी ह्या घरात एकच माणूस राहत होता. पहाटे देवभक्त, सकाळी हळदीला नाचणारा, रात्री दोन तास हेअर ड्रायर ऐकणारा आणि रसिक म्हणून नाव मात्र कुमार गंधर्वांचं लावणारा एक साठीचा इसम. गुरुवारी त्यानं मला बनवून दिलेल्या यादीचं नाव होतं 'डिव्होशनल पार्टी थर्सडे मॉर्निंग'. मला हसू आलं, एवढंच.

लहानपणी आकाशवाणीवर 'आपली आवड' लागायचं. पोस्टकार्डावर फर्माईश धाडायची आणि आपलं नाव येतंय का म्हणून कान लावून बसायचं. नावांच्या यादीपुढे गाणं छोटं वाटायचं. हिंदीत तर झुमरीतलैया हे गाव केवळ फर्माइशींच्या पत्रांवर देशभर गाजलं. तिथं सगळं कसं उघड होतं. गाणं कोणाच्या आवडीचं ते नाव-गावासकट कळायचं आणि न आवडल्यास त्या गावाला शिव्या देता यायच्या. आता शिव्या द्यायच्या तर कोणाला? कुठेतरी तो माझा जुळा आवडभाऊ बसला असणार, आरती, डीजे आणि हेअर ड्रायर ऐकणारा. त्याच्याही घरी असंच कोणी बाळंतपणाला आलं असेल, ह्या विचारानं मला त्याच्याबद्दल उगाच माया वाटते.

तर कोजागिरी. सोसायटीच्या गच्चीवर दरवर्षी दूध असतं आणि दरवर्षी संगीताची जबाबदारी तात्या घेतात, कारण त्यांच्याकडे पेटी आहे. यंदा मी मीटिंगमध्ये म्हणून गेलो, "माझ्याकडे शास्त्रीयचा चांगला संग्रह आहे, फोनवरच." मीटिंगमध्ये मी का बोलतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

चंद्र वर आला, पातेल्यातलं दूध आटत आलं, सतरंज्या भरल्या. मी आदल्या दिवशी यादी नीट लावून ठेवली होती. पण चष्मा खाली राहिला. अंधारात पडद्यावर जो मोठा चौकोन दिसला तो दाबला. त्यावर लिहिलं होतं 'फक्त तुमच्यासाठी'.

घर्रर्रर्रर्र.

सुरुवातीला कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरनं उठून स्पीकरची वायर काढून परत घातली. घरघर कायम. कोणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "तंबोरे लावतायत का?" तात्यांनी डोळे मिटून कान दिला. "एकसुरी आहे, पण सुरात आहे," ते म्हणाले, "काळी दोनच्या आसपास." त्यांच्या ह्या शेऱ्यानंतर दोघातिघांनी माना डोलवल्या. मी फोनशी झटत होतो, पण गच्चीवर रेंज नाही आणि बोटाला दुधाची साय.

घरघर संपली आणि आरती लागली. सगळे सवयीनं उठून उभे राहिले. पेले खाली ठेवले, टाळ्या सुरू झाल्या, माझ्या बायकोनं तर डोळे मिटले. गच्चीवर एकदम प्रसन्न वाटलं, मलाही वाटलं की निभावलं. आरती संपली, मंडळी मंत्रपुष्पांजलीसाठी घसा खाकरून हात जोडून उभी राहिली आणि स्पीकरमधून हळदीचा डीजे फुटला. जोडलेले हात कोणालाच पटकन सोडता येईनात. पोरं मात्र टाकीमागून धावत आली आणि नाचायला लागली. त्यानंतर लागलं ऐंशीच्या दशकातलं, मिथुन नाचायचा त्या छापाचं एक डिस्को गाणं. ते ना बायकोचं, ना चिरंजीवांचं, ना नातवाचं. तात्या माझ्या पायाकडे बघत होते. पाय ठेका धरत होता.

दुसऱ्या रविवारी मी भाच्याला फैलावर घेतलं. "तुझ्या अ‍ॅपनं माझी आवड ओळखलीच नाही!" त्यानं नळी चोखून शांतपणे बाजूला ठेवली, हात पुसले आणि माझाच फोन माझ्यापुढे धरला.

"मामा, ह्या धंद्यात गाणं 30 सेकंद वाजलं की ऐकलं असं धरतात. हा ख्याल बघा. तुम्ही महिनाभरात चौदा वेळा लावलात आणि चौदा वेळा त्याच्या आत सोडलात."

आता विलंबित एकतालाचं एक आवर्तनच मिनिटभराचं. पहिल्या 30 सेकंदांत बुवांनी डोळेही मिटलेले नसतात. त्या नियमानं माणूस समेवर यायच्या आत रसिक ठरतो, आणि मला तेवढंही जमलं नव्हतं.

"आणि प्रत्येक वेळी सोडून कुठं गेलात, तेही इथं आहे," भाचा म्हणाला. "डिस्को. पूर्ण. कधी कधी दोनदा."

बायको आतून म्हणाली, "पुस्तकं कुठायत, तसंच."

मग मी सुधारायचं ठरवलं. स्वतः नव्हे, रेकॉर्ड. भाचा म्हणाला होता की ह्याला आकडे कळतात, कान नाहीत. रोज रात्री झोपताना मी शास्त्रीय संगीत लावून, आवाज अगदी एक टिंब ठेवून, फोन रजयांच्या कपाटात कोंडायला लागलो. दरबारी, मालकंस, बागेश्री, रात्रभर. तीन आठवड्यांत दीडशे तासांचं पुण्य गाठीला लागलं. कपाटातल्या रजया आमच्या घरातल्या सगळ्यात अभिजात श्रोत्या झाल्या. बायको रात्री पाणी प्यायला उठली की कपाट गातंय म्हणून दचकायची, पण तेवढं चालायचंच.

एका सकाळी अ‍ॅपनं नवी यादी बनवून दिली. वर माझं नाव, खाली दिग्गजांची नावं, रांगेनं. छाती भरून आली. चष्मा लावून यादीचं शीर्षक वाचलं: 'गाढ झोपेसाठी'.

डिसेंबर उजाडला आणि अ‍ॅपनं वर्षाचा ताळेबंद रंगीबेरंगी करून पाठवला. वर्षभरात मी सर्वाधिक ऐकलेला कलाकार: हेअर ड्रायर. 10,800 मिनिटं. जगातल्या त्याच्या अव्वल चाहत्यांत माझी गणना झाली होती, अभिनंदन केलं होतं, आणि मित्रांना कळवा म्हणून खाली बटणही दिलं होतं. ह्या घरात ज्याला हेअर ड्रायरचा काडीचाही उपयोग नाही असा माणूस एकच, आणि त्याच्याच गळ्यात ही माळ! मी ते कोणालाच दाखवलं नाही. चिरंजीवांनी दाखवलं. सोसायटीच्या ग्रुपवर. तात्यांनी खाली लिहिलं, 'काळी दोन. मी म्हटलंच होतं.'

मुलगी आणि नातू जूनमध्येच पुण्याला गेले होते. आता रात्री घरात चालताना पाय वाजवले तरी चालतं, खोकायलाही कोणाची बंदी नाही. त्या जानेवारीत एका रात्री मला काही केल्या झोप येईना. बारा वाजले, एक वाजला. बायकोच्या माळेतले मणी मोजून झाले, लोकलची स्टेशनं कल्याणपासून सीएसटीपर्यंत म्हणून झाली. फोन उघडला. 'गाढ झोपेसाठी' लावलं, पण दरबारी सुरू झाल्याबरोबर कपाटाच्या आठवणीनं अपराधी वाटायला लागलं. ते बंद केलं. डिस्को लावलं तर बायको उठणार.

शेवटी आवाज कमी करून ते घरघरीचं लावलं. दुपट्यांचा वास आल्यासारखं झालं.

किती वेळ ऐकलं सांगता येत नाही. बायको सांगते की 30 सेकंद काही झाले नसतील, आणि त्यानंतर खोलीत जी घरघर होती ती फोनची नव्हती.