मालकाचं उत्तर: पत्रा पातळ नव्हता, सर

नमस्कार सर. वळवाच्या वादळात वाघोलीच्या तुमच्या रो-हाउसवर आम्ही बसवलेल्या शेडचे कडेचे दोन पत्रे उचकटले, रात्रभर धडधड झाली, मुलं घाबरली, हे तुमच्या रिव्ह्यूत वाचून वाईट वाटलं. झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.

पण "0.50 चे पैसे घेऊन कागदासारखा पत्रा मारला, सरळ फसवणूक" हे काही गळी उतरत नाही. एक तारा दिलात, तो तुमचा हक्क. फसवणूक म्हणालात, ते लागलं. बिलावर स्वच्छ लिहिलंय, 0.50 एमएम टीसीटी. म्हणजे रंग आणि जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा थर धरून एकूण जाडी. आतलं नुसतं पोलाद त्याहून कमीच भरतं, कुठल्याही कंपनीचा घ्या. पत्र्याच्या खालच्या अंगाला कंपनीचा छाप आहे, त्यावर जाडीही आहे. तरी शंका असेल तर उचकटलेला तुकडा मायक्रोमीटरने मोजू, तुमच्यासमोर. कडेला हाताने वाकतो म्हणता, तर अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा वाकणारच. त्याची ताकद उभ्या घड्यांत असते.

आणि मुळात पत्रा उडतो तो जाडी कमी म्हणून नाही. वारा छपराला वरून दाबतो असं लोकांना वाटतं, तो बहुतेक वेळा वर खेचतो. सगळ्यात जास्त कडेला आणि कोपऱ्यात. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय, म्हणजे ताशी साधारण 140 किलोमीटर. त्या वेगाचा जोर चौरस मीटरला 90 किलोच्या आसपास जातो. पत्र्याचं स्वतःचं वजन तेवढ्या जागेत पाच किलोही नसतं. 0.60 चा घेतला असता तर एखादा किलो वाढला असता. छप्पर धरून ठेवतात ते स्क्रू, पर्लिन म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्या, आणि खांब खाली जखडणारे अँकर बोल्ट. जाडी लागते ती पत्रा स्क्रूभोवती फाटू नये म्हणून, आणि तुमचा पत्रा कुठेही फाटलेला नाही. फोटो तुमचेच आहेत.

त्याच फोटोंतला तिसरा मोठा करून बघा. कडेच्या ओळीतल्या स्क्रूंना काळं रबरी वॉशर नाही. आम्ही वॉशरशिवाय एक स्क्रू मारत नाही, पावसाचं पाणी कोण झेलणार? दिवाळीनंतर तुम्ही दुसऱ्या माणसाकडून शेडच्या तीन बाजू पत्र्याने बंद करून घेतल्यात. त्याने अँगल सरकवायला आमची कडेची ओळ काढली आणि तेच स्क्रू त्याच भोकांत परत पिळले. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू स्वतःचा आटा पाडत आत जातो. सैल झालेल्या भोकात तो पकड घेत नाही. वर तीन बाजू बंद, चौथी मोकळ्या शेताकडे उघडी. वारा आत शिरला की निघायला वाट नाही, मग तो खालून ढकलतो आणि वरचा वारा ओढतो, दोन्ही जोर एकाच दिशेला. आम्ही दिली होती ती चारी बाजूंनी मोकळी शेड. बाजू बंद करायच्या आहेत असं आधी सांगितलं असतंत तर पर्लिन जवळ घेतले असते, अर्थात खर्चही वाढला असता, आणि दरावरून तुम्ही किती ताणलं होतंत ते इथे काढत नाही.

फोन उचलला नाही म्हणता, तर त्या रात्री आमच्या भागात लाइट नव्हती आणि मोबाइल बंद पडला होता. सकाळी आम्हीच फोन केला, तुम्ही कट केलात. असो.

पावसाळ्याआधीच्या दोन महिन्यांवर आमचं वर्ष निघतं. तुमचा रिव्ह्यू वाचून धायरीच्या एका गिऱ्हाइकाने अ‍ॅडव्हान्स परत मागितला, पोरांचा पगार त्यातून व्हायचा होता.

यापुढे बाजू बंद करण्याबद्दलची सूचना कोटेशनमध्येच छापायचं बघतोय, फोनचंही काहीतरी करू. तुमचे दोन पत्रे येत्या रविवारी बसवून देतो, नवीन भोकं, नवीन स्क्रू, मजुरी घेणार नाही. फक्त ज्याने बाजू बंद केल्या त्यालाही त्या वेळी बोलावून घ्या, त्याचा अँगल आम्ही हलवणार नाही.