पुस्तक महाग की पॅटर्न?

दर जुलैत 'कॉलेजची पुस्तकं किती महाग झालीत' यावर आपण हळहळतो. पण छापील पुस्तकावर जीएसटी नाही, आणि परदेशी लेखकांच्या जाडजूड पुस्तकांच्या भारतीय आवृत्त्या अमेरिकेतल्या किमतीच्या मानाने फारच स्वस्त मिळतात. मग खिशाला चाट बसते कुठे?

पुण्यात पुस्तकांच्या दुकानांसाठी ओळखल्या जाणाऱ्या अप्पा बळवंत चौकात इंजिनिअरिंगचं जुनं पुस्तक मागून बघा. दुकानदार आधी विचारणार, "कुठला पॅटर्न?" म्हणजे कुठल्या सालापासून लागू झालेला अभ्यासक्रम. पुणे विद्यापीठाचा 2012चा पॅटर्न, मग 2015, मग 2019, आता 2024. थर्मोडायनॅमिक्सचे नियम तेच राहतात, सिलॅबसमधलं युनिट (म्हणजे विभाग) मात्र इकडचं तिकडे होतं, आणि दादा-ताईचं पुस्तक धाकट्याच्या उपयोगाचं राहत नाही. म्हणजे रद्दी.

आणि ही पुस्तकं तरी कसली? 'लोकल ऑथर', म्हणजे इथल्याच लेखकांनी परीक्षेसाठी लिहिलेली. सिलॅबसच्या क्रमाने धडे, प्रश्नाशेजारी तो कधी आला नि किती मार्कांना आला ते छापलेलं. परीक्षेच्या आदल्या रात्री देवासारखी धावून येतात, हे नाकारणार नाही. पण एंड-सेम झाली की त्यातलं पान कुणी उलटत नाही. नोकरीत अडल्यावर उघडावं लागतं ते रेफरन्स बुक, आणि नेमकं तेच पोरं विकत घेत नाहीत. लायब्ररीत त्याच्या मोजक्या प्रती, त्यातही घरी न्यायला बंदी! मग झेरॉक्स.

झेरॉक्सला सरसकट चोरी म्हणणाऱ्यांनी दिल्लीचा खटला वाचावा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी 2012 साली दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या रामेश्वरी फोटोकॉपी या झेरॉक्सच्या दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर दावा लावला. 2016मध्ये हायकोर्टाने सांगितलं, शिकवण्यासाठी गरजेचे उतारे काढून देणं कॉपीराइट कायद्यात बसतं. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. (अख्खं पुस्तक छापून विकणाऱ्यांनी उगाच खूश होऊ नये.)

माझी मागणी साधी आहे. पॅटर्न बदला, जरूर बदला, पण सिलॅबससोबत एक तक्ता द्या: जुना कुठला धडा आता कुठल्या युनिटमध्ये गेला, काय गळलं, काय नवं आलं. म्हणजे पोरं जुनं पुस्तक घेऊन नव्या भागापुरती झेरॉक्स काढतील. विद्यापीठाला एका पीडीएफचा खर्च.

बाकी, माझ्याकडे मेकॅनिक्सचं एक जुनं रेफरन्स बुक पडून आहे. कुणाला हवं असेल तर इनबॉक्स करा. पेन्सिलच्या खुणा आहेत, पैसे नकोत.